जातो म्हणू नये

१

रविवार, ९ मार्च. पहाटे थोडं धुकं होतं, नंतर लख्ख ऊन पडलं. वारा जवळजवळ नव्हताच आणि पाणी इस्त्री केल्यासारखं सपाट होतं.

इस्त्रीची उपमा वहिनींना आपोआप सुचली. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्या कुणा एकाच्या वहिनी नव्हत्या. नवरा गल्लीभर 'किल्लीदादा' म्हणून ओळखला जायचा, म्हणून त्या गल्लीभराच्या वहिनी. दादांचं किल्ल्या बनवण्याचं दुकान होतं, कपाटाएवढं. लोकांची कुलपं चुटकीसरशी उघडणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दाराचं कुलूप मात्र दर वेळी अडायचं.

"दिव्याखाली अंधार," जिन्यात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या.

"अगं, चोरालाही हाच त्रास व्हावा म्हणून तसंच ठेवलंय."

शेवटी कुलूप लागलं. वहिनींनी बंद दारावर हात टेकला. "येतो हं," त्या म्हणाल्या.

"रिकाम्या घराला काय सांगतेस?"

"घरालाच सांगायचं असतं."

ही त्यांची जुनी खोड. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे प्रत्येक आई मुलाला शिकवते. वहिनींनी ते नवऱ्याच्या तोंडी बसवलं होतं, आणि लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तरी घोटून घेणं थांबवलं नव्हतं. दवाखाना असो, वाण्याचं दुकान असो, 'येतो' म्हटल्याशिवाय त्या उंबरा ओलांडत नसत. दादा चिडवायचे, "उद्या बसमधून उतरताना कंडक्टरलाही येतो म्हणशील." वहिनी म्हणायच्या, "म्हणतेच. तुमचं लक्ष नसतं."

मागच्या वर्षी दादांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ट्रॉली ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पोचली, तेव्हा वहिनींचा चेहरा बघून जरा हसवावं म्हणून ते म्हणाले, "जातो गं." वहिनींनी ट्रॉलीचा दांडा धरला तो सोडेचनात.

"येतो म्हणा."

"बाई, डॉक्टर थांबलेत," वॉर्डबॉय म्हणाला.

"थांबू देत. येतो म्हणा आधी."

"येतो बाई, येतो," दादा म्हणाले, आणि आले.

आले, पण पुरते आले नाहीत. ताटात अर्धं अन्न राहायचं. दुकानाचं शटर दुपारीच खाली यायचं. काम करताना शीळ घालायची सवय होती, ती कुठे गेली कोण जाणे. कुणी विनोद केला तर ते बघत राहायचे, बहिऱ्यासारखे. डॉक्टर म्हणाले, शरीर ठीक आहे, जरा हवापालट करा. बोटीने जायच्या एका बेटावरच्या जुन्या शेताबद्दल लाँड्रीतल्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं. वहिनींना त्या दिवसाकडून एवढंच हवं होतं, की संध्याकाळी घरी परतताना सोबत आपला तो जुना नवरा असावा.

२

बेट छोटंसं होतं. धक्क्यावर उतरलं की चिंचोळी पायवाट, दोन्ही बाजूंना उंच गवत, आणि पुढे शंभर वर्षांपूर्वी जसं होतं तसं राखलेलं शेत. गोठा, कोंबड्यांचं खुराडं, दूध ठेवायची थंड खोली, विहीर, आणि मधोमध एक बैठं घर. पायवाटांवर रंगवलेले दगड रोवले होते. निळ्या दगडांची वाट बेटाला वळसा घालायची. पिवळ्या दगडांची वाट झाडीतून, पाणथळीच्या कडेने फिरून परत धक्क्याकडे जायची.

शेतावर एक बाई होती. तिकीट तीच द्यायची, शेळ्यांना पालाही तीच घालायची. शेळ्यांच्या फाटकाचा अडसर अडकला होता आणि ती त्याच्याशी झोंबत होती. दादांनी दोन मिनिटं बघितलं, मग न बोलता वहिनींकडे हात केला. वहिनींनी केसातली पिन काढून दिली. ही त्यांची जुनी भाषा होती. अडसर सुटला, फाटक उघडलं, आणि एका शेळीने पुढे येऊन दादांच्या शर्टाची बाही तोंडात धरली.

"अगं, ही माझी बाही खातेय!"

"खाऊ दे. मी कालच इस्त्री केलीय, खुसखुशीत असेल."

दादा हसले. नुसते हसले नाहीत, खो-खो हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वहिनींनी तोंड फिरवलं, कारण त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हात चांगला आहे हो दादांचा," शेतावरची बाई म्हणाली. "असं माणूस इथे हवं होतं."

मग ते घरात शिरले. घर साधं होतं. पुढे स्वयंपाकघर, त्यात थंड चूल, घासलेली भांडी, टेबलाशी दोन खुर्च्या. दाराच्या डाव्या हाताला भिंतीत तीन खुंट्या होत्या. एकीवर गवताची टोपी, दुसरीवर बायकी शाल. तिसरी रिकामी. ऊन खिडकीतून येऊन फरशीवर पसरलं होतं आणि कुठेही जुनाट वास नव्हता. स्वयंपाकघराच्या मागे आणखी एक खोली होती, तिचं दार बंद होतं.

दादा दाराशी वाकले. धंद्याची सवय. "कुलूपच नाही याला," ते म्हणाले. "आतून कडी आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी दार बोटाने हलकेच ढकललं. आत लोखंडावर लोखंड वाजलं. "ऐकलंस? कडी."

"मग आतून लावून बाहेर कसं कोण आलं?"

"खिडकीतून. नाहीतर दुसरं दार असेल मागे." दादा सरळ झाले. "चल, भूक लागली."

भूक लागली! वहिनी इतक्या खूश झाल्या की बाकीचं विसरल्या. उंबऱ्याशी पोचल्यावर, रोजच्या सवयीने, मान न वळवता म्हणाल्या, "येतो हं."

"या," आतून कुणीतरी म्हणालं.

हातात काम असलेली बाई म्हणते तसं. साधं, घरगुती, मान वर न करता.

३

"टेप लावली असणार," वहिनी बाहेर आल्यावर म्हणाल्या. "हल्ली अशा ठिकाणी लावतात. जुने आवाज वगैरे."

"छान लावलीय," दादा म्हणाले. "बरोब्बर वेळेवर."

वहिनी तरीही शेळ्यांच्या फाटकाकडे गेल्या. शेतावरची बाई पाला तोडत होती.

"त्या घरात टेप लावलीय का हो?"

"कशावर लावणार, ताई? घरात वीजच नाही."

"मग आतल्या खोलीत कोण असतं?"

"कोणी नसतं. ते दार उघडतच नाही, मी आले तेव्हापासून."

"आतून कडी आहे त्याला," दादा म्हणाले.

"मग आतल्याला सांगा उघडायला," बाई म्हणाली आणि आपल्याच विनोदावर हसली. दादाही हसले. वहिनी हसल्या नाहीत, पण हसल्यासारखं केलं. भिंतीच्या मागून दुसरी कोणी पाहुणी बाई जात असेल, तिने कुणा दुसऱ्याला 'या' म्हटलं असेल. आवाज पाण्याकाठी कुठूनही कुठेही जातो. झालं, संपलं.

मोठ्या झाडाखालच्या बाकावर बसून त्यांनी डबा खाल्ला. दादांनी स्वतःचा संपवला आणि वहिनींच्या डब्यात हात घातला. मग दोघं पिवळ्या दगडांच्या वाटेला लागले. पाणथळीत पांढरे पक्षी एका पायावर उभे होते. दादा त्यांना नावं ठेवत चालले होते. हा पोस्टमन, ही शाळेतली मोठी बाई, हा आपला घरमालक, बघ कसा भाड्यासाठी टपलाय. चालता चालता त्यांनी शीळ घालायला सुरुवात केली. वहिनींनी श्वास रोखला. हलकेच बोललं तरी शीळ थांबेल असं त्यांना वाटलं.

वाट झाडीत वळली, दगड पिवळेच होते, आणि झाडी संपली तेव्हा समोर धक्का नव्हता. ते बैठं घर होतं, मागच्या बाजूने.

"अरेच्चा," दादा म्हणाले. "आलो की परत."

"वळण चुकलं असेल."

"वळण होतंच कुठे?"

पुढे जायचं तर घरातूनच जावं लागत होतं. मागचं दार उघडं होतं, त्यातून बंद खोलीच्या कडेने स्वयंपाकघर, मग पुढचं दार. वहिनी भरभर चालल्या. टेबलाशी तीन खुर्च्या होत्या. सकाळी दोन होत्या ना? की तीनच होत्या? त्यांनी स्वतःलाच बजावलं, आपण काही खुर्च्या मोजायला आलो नव्हतो. चुलीजवळून जाताना पायाला ऊब लागली. ऊन होतं फरशीवर, उन्हाचीच असणार.

पुढच्या दाराशी त्या वळल्या, आणि त्यांनी बघितलं. दादांनी डोक्यावरची टोपी काढून, न बघता, तिसऱ्या खुंटीला अडकवली होती. घरी आल्यावर करतात तसं. माणूस खुंटी शोधतो तेव्हा त्याचे डोळे आधी जातात. दादांचे डोळे गेले नव्हते. नुसता हात गेला होता.

"अहो, टोपी!"

"हो की गं." त्यांनी टोपी काढून घेतली, जरा ओशाळून. वहिनींनी ओठ घट्ट मिटले आणि काही न बोलता उंबरा ओलांडला. मागून दादा खणखणीत म्हणाले, "येतो!"

"या."

४

दुसऱ्यांदा त्या प्रत्येक दगड हाताने शिवत चालल्या. पिवळा, पिवळा, पिवळा. पक्षी त्याच जागी उभे होते. लांबून बोटीचा भोंगा ऐकू आला, म्हणजे धक्का डावीकडे होता. वाटही डावीकडेच वळली. झाडी संपली आणि समोर ते घर होतं.

वहिनी खाली बसल्या. दादा घाबरले. "पाय दुखतात का? पाणी देऊ?"

"अहो, आपण येतो म्हणालो."

"मग?"

"म्हणून येतोय."

दादा गालातल्या गालात हसले. "अगं, असं असतं तर वाण्याच्या दुकानातून आपण कधी घरीच पोचलो नसतो."

"वाण्याला ते खोटं असतं हे माहीत असतं," वहिनी म्हणाल्या. "आता निघताना 'जातो' म्हणायचं. मी पण म्हणते, तुम्ही पण म्हणा."

"कोण बोलतंय हे! ट्रॉलीचा दांडा धरून कोण उभं होतं?"

"चेष्टा नको. माझ्यासाठी म्हणा."

"बरं बाई. म्हणतो."

ते घरात शिरले. चुलीत निखारे होते. आता त्याला उन्हाची ऊब म्हणायची सोय उरली नव्हती. तरीही घर भीतीचं वाटत नव्हतं, हेच वहिनींना जास्त भीतीचं वाटलं. कुणाची तरी वाट बघणारं घर असतं तसं ते होतं. स्वच्छ, गरम, दार उघडं ठेवलेलं. दादा पायरीवर जाऊन बुटाची सुटलेली नाडी बांधायला खाली वाकले. वहिनी उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी बंद दाराकडे तोंड केलं. हा शब्द त्यांनी आयुष्यात कुठल्याही दाराला म्हटला नव्हता.

"जाते मी," त्या म्हणाल्या.

आतून उत्तर आलं नाही. कडी सरकल्याचा आवाज झाला, आणि दार बोटभर उघडलं.

फटीतून पलंगाचा एक कोपरा दिसला. त्याच्यावर खिडकीचं ऊन पडलं होतं. चादर पांढरी, कडक इस्त्रीची. कोपऱ्याची घडी अंगठ्याने दोनदा दाबून बसवलेली. अशी घडी लाँड्रीत एकट्या वहिनी घालायच्या, बाकीच्या बायका त्यावरून त्यांना हसायच्या. पांघरूण एकाच बाजूने उलगडून ठेवलं होतं. भिंतीकडच्या. दादा भिंतीकडे झोपत.

"तुम्ही जाताय," आतली बाई म्हणाली, तशीच, मान वर न केल्यासारखी. "आणि ते?"

वहिनी वळल्या. त्यांना ओरडून सांगायचं होतं, पण दादांची नाडी बांधून झाली होती. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, घराकडे पाठ होती, आणि पंचवीस वर्षं घोटलेलं तोंडातून आपसूक निघालं.

"येतो हं!"

"या," आतली बाई म्हणाली. दार लागलं. कडी बसली.

"चुकलंच गं," दादा म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. "तोंडात बसलंय. तूच बसवलंस."

त्यानंतर पिवळ्या दगडांची वाट सरळ धक्क्यावर गेली. बोटवाला दोरी सोडतच होता. "या, या," तो म्हणाला, आणि वहिनी दचकल्या. त्याने हात देऊन दोघांना चढवलं. दादा कठड्याला टेकून मागे बघत शीळ घालत होते. बेट उन्हात हिरवंगार दिसत होतं.

५

तो आठवडा वहिनींच्या आयुष्यातल्या चांगल्या आठवड्यांपैकी होता. दुकानाचं शटर रात्रीपर्यंत वर राहिलं. ताट पुसून काढल्यासारखं रिकामं व्हायचं. दूधवाला म्हणाला, "वहिनी, दादांना काय पाजलंत? मलाही द्या." समोरची म्हातारी म्हणाली, "तुझा नवरा मला काल डोळा मारून गेला," आणि लाजली. रात्री दादा लाँड्रीतल्या गप्पा खोदून खोदून विचारायचे आणि मग लहान मुलासारखे गाढ झोपायचे. वहिनी जाग्या राहून तो श्वास ऐकायच्या. जे मागितलं ते मिळालं होतं. निखाऱ्यांचं काय, शेतावरच्या बाईने चहाला पेटवले असतील. घडीचं काय, जगात आणखी कुणी तशी घडी घालत असेल. उन्हात फिरल्यावर माणसाला काहीही ऐकू येतं.

एकच गोष्ट होती. संध्याकाळी दादा घरी आले की टोपी जमिनीवर पडायची. ते आत येताच न बघता डाव्या हाताला अडकवायचे. त्यांच्या घरात खुंटी उजव्या हाताला होती.

"काय हो हे?" वहिनी टोपी उचलून म्हणायच्या.

"विसरलोच," दादा म्हणायचे.

शनिवारी वहिनींनी डावीकडे एक खिळा ठोकला. त्या संध्याकाळी टोपी खिळ्याच्या वीतभर वरून पडली.

रविवार, १६ मार्च. धुकं नव्हतं, सकाळपासून ऊन. वहिनी शर्टाला इस्त्री करत होत्या. दादा दाढी करून आले, तो शर्ट तसाच गरम गरम अंगात घातला, आणि दारात जाऊन उभे राहिले. चेहरा शांत, टवटवीत.

"जातो गं," ते म्हणाले.

वहिनींच्या हातातली इस्त्री दुसऱ्या शर्टावर थांबली. "काय म्हणालात?"

"जातो म्हटलं."

त्यात चेष्टा नव्हती. ट्रॉलीवर होती तशीही नव्हती. वहिनी धावत दाराशी आल्या आणि त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. "येतो म्हणा."

दादांनी तोंड उघडलं. ते खरंच प्रयत्न करत होते, हे वहिनींना दिसत होतं. मग त्यांनी वहिनींच्या कपाळावरची बट मागे सारली, फार मायेने.

"ते तिकडे म्हणून आलोय ना, गं," ते म्हणाले.

मागे कापड जळाल्याचा वास आला. टेबलावर इस्त्री तशीच राहिली होती. वहिनी मागे वळल्या, प्लग ओढला, परत फिरल्या. जिना रिकामा होता.

६

त्या धक्क्यावर पोचल्या तेव्हा पहिली बोट पाण्याच्या मध्यावर होती. दुपारच्या बोटीने त्या बेटावर गेल्या. बोटवाल्याने दादांना सकाळी उतरवलं होतं, "शीळ घालत गेले," तो म्हणाला. शेतावरच्या बाईने त्यांना फाटकातून जाताना पाहिलं होतं. येताना पाहिलं नव्हतं. टोपी तिसऱ्या खुंटीवर होती. खुंट्या चार होत्या.

सोमवारी पोलिसांसमोर आतल्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढलं. कडी आतून लावलेली होती. आत एक पलंग होता. चादर एका बाजूने, भिंतीकडच्या, कुणी झोपून उठल्यासारखी चुरगळली होती. खोलीला खिडकी नव्हती. माणूस नव्हता. पोलिसांनी पाणथळही शोधली, तिथेही काही मिळालं नाही.

संध्याकाळी सगळे धक्क्याकडे निघाले. वहिनी मागे राहिल्या. त्यांनी ती चादर ओढून सरळ केली, कोपऱ्याची घडी अंगठ्याने दोनदा दाबली, आणि स्वयंपाकघर ओलांडून उंबऱ्याशी आल्या. चूल थंड होती.

"येते," त्या म्हणाल्या.

आतून 'या' आलं नाही. दादांचा आवाज आला.

"ये."

रविवार, २३ मार्च. पहाटे थोडं धुकं, नंतर लख्ख ऊन. पहिल्या बोटीने वहिनी गेल्या. शेवटच्या बोटीत त्या नव्हत्या.